न आवडलेली कविता

हरभऱ्याला हात घालायचा तो दव असताना. ऊन वर आलं की झाड कडक होतं, घाटे गळतात आणि हाताची सालं निघतात. म्हणून आमच्याकडच्या बाया तांबडं फुटायच्या आत रानात असतात, आणि हातात घालतात पोरांचे शाळेतले जुने मोजे. शिवकन्या बिरादारच्या हातात तिच्या लेकीचे, ऋतुजाचे मोजे होते. कधीकाळी पांढरे असतील. आता अंगठ्यापाशी भोकं पडली होती आणि भोकांतून हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब आत जाऊन कातडी चरचरत होती.

रान शिवम्माचं होतं. उद्या दुसरीचं, परवा तिसरीचं, असं करत सगळ्यात शेवटी शिवकन्याचं, कारण तिचा पेरा उशिराचा. ह्याला आमच्याकडं वारंगुळा म्हणतात. रोजगार कुणी कुणाला द्यायचा नाही, दिवसाला दिवस फेडायचा. उदगीरच्या आसपास मजूर मिळत नाहीत अशी बोंब मोठे शेतकरी मारतात, पण ह्या बायांचा हरभरा कधी रानात राहिला नाही. वारंगुळा मोडला असंही कुणाच्या ऐकण्यात नव्हतं.

शिवकन्या झाडं उपटत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती.

"काय गं, मंतर म्हणून राहिलीस का काय?" शिवम्मानं विचारलं. शिवम्मा म्हणजे माणिकप्पाची बायको. बायांच्या टोळीची म्होरकी तीच.

"इंग्रजी हाय."

"मग मोठ्यानं म्हण की. हरभऱ्याला कळलं तर भराभरा निघंल तरी."

बाया हसल्या. शिवकन्याही हसली आणि मोठ्यानं म्हणाली, "डिअर सर, आय वुड लाईक टू कम्प्लेंट." मग तिची तिलाच चूक कळली आणि तिनं ते वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटलं. बायांना दोन्ही वाक्यं सारखीच ऐकू आली.

शिवकन्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. लेकरं घरोघर जाऊन कडेवर आणायची, नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. सेविकाबाई पावसाळ्याच्या तोंडाला निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी मदतनीसलाच घेता येत होतं. अट एकच, दहावी पास पाहिजे. शिवकन्या दहावीत इंग्रजीला गचकली होती आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं होतं. आता चौतिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून बसली होती, लेकीच्याच वर्षाला. बाकीच्या विषयांचं तिला भय नव्हतं. इंग्रजीत औंदा पास झाली नाही तर बाहेरची कुणीतरी बाई सेविका म्हणून येणार आणि शिवकन्या तिच्या हाताखाली मरेपर्यंत खिचडी ढवळणार. हे तिला मंजूर नव्हतं.

*

देविदास सर शाळा सुटल्यावर व्हरांड्यात जादा तास घेत. तिथं शिवकन्याला बसायची परवानगी होती, पण मागं, पोत्यावर. ऋतुजानं पहिल्याच दिवशी तिला ताकीद दिली होती, "मम्मी, तिथं मला हाक मारू नको. आन् हसू पण नको माझ्याकडं बगून." शिवकन्यानं ते पाळलं. लेकीची लाज तिला कळत होती, म्हणजे राग येत नव्हता असं नाही.

त्या दिवशी सरांनी कवितेचं रसग्रहण घेतलं. पुस्तकातली कविता अशी होती. कवी बसमधून चाललेला असतो. खिडकीतून त्याला रानात पीक काढणाऱ्या बाया दिसतात. रंगीबेरंगी लुगडी, वाऱ्यावर उडणारे पदर, फुलपाखरंच जणू. बाया हसतात, गातात, त्यांना कसली म्हणून चिंता नाही. कवीला वाटतं, शहर सोडावं आणि असं सुखात राहावं. मग बस पुढं जाते.

सरांनी फळ्यावर उत्तर लिहिलं. कवीचं नाव, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आणि शेवटी नेहमीचं, द पोएम इज व्हेरी ब्युटिफुल, आय लाईक धिस पोएम बिकॉज इट गिव्ह्ज मी जॉय.

"हे पाठ करा," सर म्हणाले. "कुठल्याही कवितेला चालतं. नाव तेवढं बदलायचं."

पोरं उतरवून घेऊ लागली. मागून पोत्यावरून आवाज आला, "सर, आवडली न्हाई तर?"

"काय?"

"कविता. न्हाई आवडली तर काय लिव्हायचं?"

पोरं मागं वळून बघायला लागली. ऋतुजानं मान खाली घातली ती घातलीच.

"शिवकन्याताई, आवडली नाही असं नसतं. पाच गुण आहेत त्याला."

"प्रश्नात तर तसंच इचारलंय. कविता कशी वाटली, आन् का."

"ते विचारतात. आपण हो म्हणायचं असतं. लग्नात विचारतात तसं."

"लग्नात मला कुणी इचारलं न्हवतं सर."

व्हरांडा खदखदून हसला. सरही हसले, कारण माणूस वाईट नव्हता. हसून झाल्यावर त्यांनी खडू खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात बोलले. "हे बघा ताई. पेपर तपासणाऱ्यापुढं गठ्ठे असतात. ओळखीची वाक्यं दिसली की तो गुण टाकून पुढं जातो. अनोळखी दिसलं की थांबतो. आणि थांबला की त्याला चुका दिसायला लागतात. तुमच्या चुका लई असतात. तुम्हाला पस्तीस पाहिजेत का भांडण पाहिजे?"

"दोनी," शिवकन्या म्हणाली.

घरी येताना ऋतुजा चार हात पुढं चालली होती. चुलीपाशी मात्र तिला आईच्या शेजारी बसावंच लागलं, कारण भाकरी तिला आणि वाक्यं आईला थापायची होती, असा दोघींचा ठराव होता.

"मम्मी, तुला गरज काय हाय त्या कवितेशी भांडायची? पाठ कर न् सोडून दे."

"तू कदी हरभरा काढलीस?"

"गेल्या साली एक दिस."

"गाणं म्हणलीस?"

ऋतुजानं तव्यावरची भाकरी उलटली. "हात भाजत व्हते. गाणं कुठलं."

"मग? तेच सांग इंग्रजीत. हात भाजत होते, ह्याला काय म्हणायचं?"

ऋतुजानं सांगितलं. शिवकन्यानं ते तीनदा म्हटलं आणि पुढचं विचारलं. कंबर, मोजे, आंब, बस. आंबीला इंग्रजीत काय म्हणतात हे लेकीला येईना, तेव्हा दोघींनी मिळून त्याच्यावाचून भागवलं. रोज संध्याकाळी असं चाललं. कविता बाजूला राहिली, तक्रारीचं पत्र आलं, बातमी आली, भाषण आलं. शिवकन्या पाठ करायला नकार द्यायची आणि दर वेळी वाक्य नव्यानं जुळवायची. त्यात वेळ जायचा. चुका व्हायच्या. ऋतुजा चिडायची, "असं न्हाई गं," म्हणून कपाळावर पिठाचा हात मारून घ्यायची, आणि चिडता चिडता तिला गोडी लागत गेली.

*

परीक्षा तोंडावर आली तसा शिवकन्याचा दीर हनुमंत कामाला लागला. दर वर्षी ह्या दिवसांत हनुमंताला कुणी शेतातलं काम सांगायचं नाही. तो अंगणात बाज टाकून बसला होता, मांडीवर कात्री, पुढं गाईडच्या मायक्रो झेरॉक्सचे कागद. एकेक उत्तर कापून तो त्याची घडी घालत होता. त्याचा पोरगा सत्यमही औंदा दहावीला होता आणि इंग्रजीचं पुस्तक त्यानं उघडून पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"वैनी, तुमची खोली कंची ती सांगून ठेवा."

"कशाला भावजी?"

"कशाला म्हंजे? चिठ्ठी कुठं टाकायची माणिकप्पानं? गेल्या साली त्याच्या थोरल्याला मी पुरिवली. पिपळावर बसून. मुंगळे डसले तरी उतरलो न्हाई खाली. औंदा त्याची पाळी. आपल्या घरचे तिघं बी त्याच्यावर."

"मला नको."

हनुमंताची कात्री थांबली. "काय नको?"

"चिठ्ठी. सत्यमला द्या, कुणाला बी द्या. मला नको. ऋतुजाला बी नको."

"वैनी, ह्यो वारंगुळा हाय. त्यानं द्यायचं न् आपण घ्यायचं. नको कसं म्हणता येतंय? त्येनं काय समजावं?"

सासू केवळाबाई ओट्यावर तूर निवडत होती. तिथूनच ती म्हणाली, "दुनिया करती तसं करावं माणसानं. घे म्हणतोय तर घे की."

नवरा अंगद बैलाला पाणी दाखवून आला होता. त्यानं दोन्हीकडं पाहिलं आणि त्याच्या स्वभावाप्रमाणं मधला रस्ता काढला. "घे, न् पडू दे बाजूला. लागली तर लागली."

"बाजूला पडली तरी डोळा तिकडंच जातोय," शिवकन्या म्हणाली. "मी एकदा घेतली हाय चिठ्ठी. तुमाला ठावं न्हाई ते."

कुणालाच ठाऊक नव्हतं. शिरूर अनंतपाळच्या बाजूला तिचं माहेर. तिच्या दहावीला तिच्याच भावानं खिडकीतून चिठ्ठी टाकली होती. पेपरात तक्रारीचं पत्र विचारलेलं, आणि चिठ्ठीत होतं मामानं घड्याळ पाठवल्याबद्दल आभाराचं. कुणी प्रश्न वाचला नाही. चिठ्ठी ह्या बाकावरून त्या बाकावर फिरली आणि अख्ख्या खोलीनं मामाचे घड्याळाबद्दल आभार मानले. शिवकन्याला तक्रारीचं पत्र येत होतं. रात्रंदिवस घोकून ते तिनं पक्कं केलं होतं. पण पोरं भराभरा लिहीत होती, भावानं जीव धोक्यात घालून टाकलेली चिठ्ठी होती, मग तिनंही मामाचे आभार मानले. खोलीतले निम्मे त्यात गेले.

"तवापासून आजपत्तूर मला घड्याळ दिलं न्हाई कुण्या मामानं," ती म्हणाली. "माझ्या हातानं लिव्हून नापास झाले असते तर ते माझं असतं. ते बी माझं न्हवतं."

अंगदला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. हनुमंताला आलं नाही. तो कात्री चालवत म्हणाला, "तवाचं तवा. माणिकप्पा हुशार हाय, तो प्रश्नपत्रिका बगून टाकतोय." आणि त्यानं शिवकन्याच्या नावाची पुडी बांधलीच. नको म्हणणाऱ्याला आमच्याकडं लाजतोय असंच समजतात.

*

इंग्रजीच्या पेपराला सकाळपासून आभाळ होतं. ह्या दिवसांत आभाळ आलं की माणसं ताडपत्र्या हुडकायला लागतात, कारण हरभरा उघड्यावर असतो. टोळीतल्या सगळ्यांचा निघाला होता, शिवकन्याचा तेवढा उभा होता. तिनं एकदा वर पाहिलं आणि केंद्राच्या फाटकातून आत शिरली.

"ओ मावशी, पालक तिकडं झाडाखाली," पोलीस म्हणाला.

तिनं हॉल तिकीट पुढं केलं. त्यानं फोटो बघितला, तिच्याकडं बघितलं. "लेकीचं का?"

"माझंच."

"आता काय करता शिकून?"

"बदली करून घेते तुमच्या जागेवर," शिवकन्या म्हणाली आणि पुढं गेली. मागं कोण हसलं ते तिनं वळून पाहिलं नाही.

बाक लेकरांच्या मापाचा होता. गुडघे वर येत होते आणि पदर खिळ्यात अडकत होता. बोटांना चिरा पडल्या होत्या, पेन धरला की उललेलं कातडं ओढायचं. तिनं रुमालाची चिंधी फाडून अंगठ्याला गुंडाळली. पेपर हातात आला. तिनं तो आधी सगळा वाचला, सावकाश, ओठ हलवत. निम्मं कळलं. निम्मं कळणं म्हणजे काय कमी झालं, असं मनाशी म्हणून तिनं लिहायला सुरुवात केली.

बाहेर जत्रा भरलीच होती. भिंतीवर माणसं, पत्र्यावर माणसं, झाडावर माणसं. खोलीवरचे सर दारात उभे राहून मैदानाकडं बघत होते. मैदानात बघण्यासारखं काही नव्हतं.

शिवकन्या तक्रारीच्या पत्राच्या मध्यावर असताना खिडकीतून खडा आला. बाकावर आपटला, घरंगळला आणि तिच्या उत्तरपत्रिकेवर येऊन थांबला. त्याला कागद गुंडाळलेला होता.

"काकू, बगा न् इकडं सरकवा," शेजारचा पोरगा कुजबुजला.

तिची कानशिलं तापली. नको म्हटलं होतं. स्पष्ट म्हटलं होतं, सगळ्या घरासमोर. तरी तिच्याच कागदावर येऊन पडली, जणू तिच्या नको म्हणण्याला काही किंमतच नाही. ती उठली, खिडकीपाशी गेली. समोरच्या भिंतीवर माणिकप्पा बसला होता, एक पाय अलीकडं, एक पलीकडं. त्यानं तिला पाहून हात हलवला.

"माणिकप्पा भाऊ," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हे तुमचं तुमाला घ्या. माझा पेपर चालू हाय."

आणि तिनं खडा फेकला. तिचा नेम होता असं ती आजही म्हणत नाही. पण खडा माणिकप्पाच्या टोपीला लागला, टोपी गेली पलीकडं, टोपी धरायला माणिकप्पा वळला आणि तोही गेला पलीकडं. भिंत बुटकी होती, लागलं काही नाही. त्यानं जी बोंब ठोकली ती मात्र साऱ्या केंद्राला ऐकू गेली. मग पोलिसाला चहाचा कप ठेवावाच लागला. काठ्या आपटल्या, भिंत रिकामी झाली, पत्रे रिकामे झाले. दारातले सर आत येऊन उभे राहिले आणि खिडक्या लावून घ्यायला लागले.

खोलीत शांतता पसरली. एवढी शांतता त्या खोलीत कधी झाली नसावी. पोरं पेन चावत एकमेकांकडं आणि मग शिवकन्याकडं बघायला लागली.

"काय केलं काकू तुमी," शेजारचा रडवेला होऊन म्हणाला.

"प्रश्न वाच," शिवकन्या म्हणाली. "तुला पत्र येतं का? मग लिव्ह की."

तिनं पत्र पुरं केलं. मग पान उलटलं आणि कविता आली. तीच, बसमधली.

सरांचं फळ्यावरचं उत्तर तिला शब्द न् शब्द पाठ होतं. ऐकून ऐकून झालं होतं. ते लिहिलं तर गुण नक्की होते, आणि एकेका गुणाला अंगणवाडीची खुर्ची लोंबकळत होती. तिनं पेन टेकवला. द पोएम इज, एवढं लिहिलं, आणि थांबली. अंगठ्याची चिंधी भिजून लाल झाली होती. तिला त्या बसमधल्या माणसाचा असा राग आला की त्याला दंडाला धरून खाली ओढावं.

तिनं ते खोडलं आणि लिहिलं, आय डू नॉट लाईक धिस पोएम.

यमक चांगलं आहे असंही लिहिलं, कारण ते चांगलं होतं. फुलपाखराची उपमा दाखवली, तिला काय म्हणतात तेही लिहिलं. मग खाली, सरळ, छोटी छोटी वाक्यं. आय वर्क इन धिस फील्ड. माय हँड्स बर्न. वी वेअर सॉक्स ऑन अवर हँड्स. वी डू नॉट सिंग. वी टॉक अबाऊट अवर चिल्ड्रन अँड अवर बॅक्स. द पोएट सॉ अस फ्रॉम द बस. ही शुड गेट डाऊन.

वाचून पाहिलं. एकही वाक्य कुणाचं उसनं नव्हतं. मग भाषणाकडं वळली.

*

बाहेर सत्यम झाडाखाली रडत होता आणि हनुमंत त्याच्याशेजारी उभा होता. "घरातलीच निघाली," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. ऋतुजा दुसऱ्या खोलीत होती, तिचा पेपर चांगला गेला होता, पण मैत्रिणी तिच्याशी बोलेनात. घरापर्यंत तीही आईशी बोलली नाही.

संध्याकाळी आभाळ आणखी दाटलं. शिवकन्या शिवम्माच्या दारात गेली. "सकाळी माझ्याकडं यायचं हाय नं? आभाळ आलंय, एका दिसात काढून झाकावं म्हणते."

शिवम्मा सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. आत बाजेवर माणिकप्पा पाठ करून पडला होता.

"वारंगुळा मानणाऱ्याशी असतोय," शिवम्मा म्हणाली. "माझ्या मालकाला भिताडावरून पाडलीस चार गावासमोर. पोरांची सालं घालिवलीस. आता दिस मागायला आलीस व्हय?"

"मी तुमच्या रानात दिस दिले हायत शिवम्मा."

"मग लिव्ह की तक्रार. तुला येतीय नं इंग्रजीत."

शिवकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिथं दिसू नये म्हणून ती ताडकन वळली. टोळीतल्या बाकीच्या बायांची दारंही हिंडली. कुणाचं अंग दुखत होतं, कुणाकडं पाहुणे येणार होते.

पहाटे रानात दोघंच होते, ती आणि अंगद. अंगद शिव्या देत होता, बायांना, आभाळाला, पण बायकोला एकही नाही, हे तिच्या लक्षात आलं. थोड्या वेळानं बांधावरून केवळाबाई काठी टेकत आली. "मी म्हणले व्हते दुनिया करती तसं कर," असं म्हणत म्हणत ती वाकली आणि बसल्या बसल्या उपटायला लागली. कंबर तिची कामातून गेलेली होती.

उजाडलं तेव्हा ऋतुजा आली. हातात पुस्तक नव्हतं. परीक्षेसाठी घेतलेले नवे पांढरे मोजे तिनं हातात चढवले होते.

"तुजा पेपर हाय उद्या," शिवकन्या ओरडली. "जा घरी."

"सरक," ऋतुजा म्हणाली आणि आईच्या शेजारची ओळ धरली. बरंच अंतर ती उपटत गेली. मग म्हणाली, "कविता कशी लिव्हलीस?"

"तुज्यासंगं ठरलं तशी."

"न्हाई आवडली म्हणून?"

"हाव."

ऋतुजा थांबली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीच्या मागून काहीतरी वर येत होतं. "मी बी," ती म्हणाली. "मी बी तसंच लिव्हले मम्मी. तुझ्या खिडकीतला आवाज आला, आन् मग मला बाई सरांचं लिव्हूच वाटंना."

शंभरातलं एकही वाक्य न चुकणारी पोर, तिचे हक्काचे गुण आपण घालवले की काय, असं शिवकन्याला वाटलं आणि त्याच दमात तिला इतकं बरं वाटलं की तिनं पटापटा हात चालवायला घेतले.

दुपारी पाऊस आला. निम्मा ढीग ताडपत्रीखाली गेला होता, उरलेला भिजला, आणि भिजलेला हरभरा काळा पडला तो पडलाच.

*

निकाल लागला तेव्हा शिवकन्या अंगणवाडीत भांडी घासत होती. ऋतुजा मोबाईल घेऊन पळत आली. शिवकन्याला इंग्रजीत त्रेचाळीस पडले होते. ऋतुजाला सरांना वाटले होते त्याहून कमी पडले, पण भरपूर पडले. सत्यम इंग्रजीत गेला, आणि गावातले आणखी पाचसहा.

"त्या कवितेला तुम्हाला काय मिळालं असेल देव जाणे," देविदास सर म्हणाले. "पत्रानं तारलं तुम्हाला. नशीब म्हणा."

"म्हणते," शिवकन्या म्हणाली. तिनं पेढा त्यांच्या हातावर ठेवला. नशीब म्हटल्यानं तिचे गुण कमी होणार नव्हते.

तिची सेविकेची ऑर्डर आली त्या आठवड्यात शिवम्मा अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली. सोबत तिची धाकटी पोरगी राजकन्या, यंदा दहावीला गेलेली. शिवकन्या हजेरी घेत होती. तिनं मान वर केली, खाली केली आणि हजेरी पुरी केली. लेकरं पाटीकडं वळल्यावर मग म्हणाली, "बोला."

"हिला इंग्रजी शिकिव," शिवम्मा म्हणाली. "तू हिच्यासाठी जेवढे दिस देशील तेवढे मी तुज्या रानात देते. आन् मागचा एक राहिला हाय, तो बी देते."

"मागचा राहिला हे ध्यानात हाय म्हणा की."

"हाय. झोप लागली न्हवती मला त्या राती. आभाळ गडगडायचं न् मी कूस बदलायची."

शिवकन्या उठली नाही. बाईनं कबूल केलं म्हणून लगेच विरघळायला ती काही गूळ नव्हती. "माणिकप्पा भाऊ भिताडावर चढणार न्हाईत. हे आधी."

"त्यांनला आता चढवत बी न्हाई. गुडगा गेला." शिवम्मा हसली, मग तिचं हसू ओसरलं. ती आत आली आणि लेकरांच्या बुटक्या बाकावर बसली. "एक इचारू? पोरं म्हणत व्हती, त्या पुस्तकात आपल्यावर कविता हाय. तू तिथं न्हाई आवडली म्हणून लिव्हून आलीस."

"हाव."

"आन् काय लिव्हलीस?"

शिवकन्यानं तिला मराठीतून सांगितलं. हात भाजतात, मोजे घालतो, गाणं म्हणत नाही, लेकरांचं बोलतो न् कमरेचं बोलतो, कवीनं बस थांबवून खाली उतरावं. शिवम्मा ऐकत राहिली. मांडीवरचे आपले दोन्ही तळवे तिनं उलटे करून पाहिले.

"आन् तरी पास केलं त्यांनी तुला?"

"केलं की."

शिवम्मानं राजकन्येला पुढं ढकललं. "पास होईल तर होईल, न्हाईतर पुन्ना बसंल," ती म्हणाली. "तू पहिलं तिला 'न्हाई आवडली' असं लिव्हायला शिकिव."